पावसाला पुरून उरलेली झाडं

सर जॉन माल्कम १८२७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले आणि पुढच्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. पुण्याजवळ दापोडीला कॅप्टन फोर्ड यांचा बंगला सरकारनं घेतला आणि त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. तिकडे सह्याद्रीच्या माथ्यावर, क्षेत्र महाबळेश्वरच्या जवळ, माल्कमपेठ नावाची नवी वस्ती उभी राहू लागली. एका ठिकाणी परदेशी झाडं इथल्या हवेत जगतात का ते पाहायचं होतं, दुसऱ्या ठिकाणी परदेशी माणसं. पुढच्या पन्नास वर्षांत हे दोन्ही प्रयोग एकमेकांत इतके मिसळले, की आज पाचगणीच्या रस्त्यावरचं कुठलं झाड इथलं आणि कुठलं सातासमुद्रापलीकडचं, हे सांगायला वनस्पतिशास्त्राचा जाणकार गाठावा लागतो.

डोंगर अर्थातच इंग्रजांचा नव्हता. १८२४ च्या उन्हाळ्यात साताऱ्याला पलटणीबरोबर असलेले पीटर लॉडविक रान तुडवत इथे आले आणि आज त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कड्यावर पोचले. साताऱ्याचे रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांनी इथे घर बांधलं आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून वर येणारा रस्ता करवून घेतला. १८२९ मध्ये महाराजांनी हा मुलूख कंपनी सरकारला दिला, बदल्यात त्यांना वाई भागातलं खंडाळा गाव मिळालं. एका गावाच्या मोबदल्यात अख्खं पठार! सौदा कुणाला लाभला हे वेगळं सांगायला नको.

वर राहायला आलेले बहुतेक जण आजारातून उठलेले लष्करी अधिकारी आणि त्यांची कुटुंबं. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवरची हवा, सकाळचं धुकं, लाल माती आणि मुबलक झरे पाहून त्यांना आपल्या गावाकडची बाग आठवली नसती तरच नवल. बंगल्यापुढे फुलांचे वाफे आणि मागे भाजीचा मळा, असा साधा नकाशा होता. पण त्यांच्याकडची बागकामाची पुस्तकं झाड काटक आहे की नाही, हे एकाच कसोटीवर ठरवत. हिवाळ्यातला बर्फ आणि गोठवणारं दव ते सोसतं का? महाबळेश्वरच्या डोंगरानं हा प्रश्न निकालात काढला आणि दुसराच विचारला.

गोठणं इथे अगदीच अनोळखी नाही. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या निरभ्र रात्री वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात गार हवा साचते, जमिनीलगतचा पारा शून्यापर्यंत उतरतो आणि सकाळी गवतावर, गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी त्याचे फोटो येतात. बातमी होते म्हणजेच ते नेहमीचं नाही. नेहमीचा आहे तो पाऊस. वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नंतर उरलेले सात-आठ महिने कोरडे. म्हणजे जे झाड चार महिने गळ्यापर्यंत पाण्यात आणि पुढे फेब्रुवारीपासून भेगाळलेल्या जांभ्यावर तग धरेल, तेच इथलं काटक झाड. युरोपातल्या कुठल्याच बागेत हा पेपर नव्हता.

बंगलेवाल्यांना तो द्यावाच लागत नसे. मार्चमध्ये वर यायचं, जूनच्या मध्याला पुण्या-मुंबईला उतरायचं, पावसाळा सरला की ऑक्टोबरात पुन्हा फेरी, असा त्यांचा शिरस्ता. जाण्याआधी बंगल्याच्या भिंतींना वाळल्या गवताचे तट्टे बांधले जात, नाहीतर चार महिन्यांत भिंतीच विरघळायच्या. भिंतींची ही तऱ्हा, तर कुंड्यांतल्या जिरेनियमची काय कथा! बाग पावसाळ्यातून पार नेणारे हात होते ते मागे राहिलेल्या माळ्यांचे. त्यांची नावं कुठल्या अहवालात सापडत नाहीत. दापोडीच्या बागेचीही तीच गोष्ट. तिथल्या झाडांची १८४७ ते १८५० या काळात काढलेली अप्रतिम रंगीत चित्रं आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत, पण चित्रकाराचं नाव मात्र हरवलं आहे.

त्या काळचं एक नाव मात्र ठळक आहे, डॉ. अलेक्झांडर गिब्सन. १८३८ पासून ते दापोडीच्या उद्यानाचे प्रमुख होते आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी आणि एन. ए. डाल्झेल यांनी मिळून केलेली ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाली. ग्रंथाच्या मुख्य भागात देशी वनस्पती आणि मागे जोडलेल्या पुरवणीत बाहेरून आणलेल्या व इथे रुळलेल्या. घरची मंडळी एका पंगतीला, पाहुणे दुसऱ्या. तीस-बत्तीस वर्षांत पाहुण्यांची संख्या वेगळी पुरवणी काढण्याइतकी झाली होती, हे त्यावरून कळतं.

पाहुण्यांना इथे खऱ्या अर्थानं रुजवलं ते मात्र कैद्यांनी. १८३४ मध्ये महाबळेश्वरात एक तुरुंग बांधण्यात आला आणि त्यात चिनी व मलायी कैदी आणून ठेवले गेले. जागा साधारण १२० जणांची. ही माणसं समुद्रापलीकडून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आलेली होती. हिंदुस्थानातले कैदी सिंगापूर-पेनांगला जात आणि चीन-मलायाचे सह्याद्रीवर येत, असा तो साम्राज्याचा हिशेब. त्यांच्या पहाऱ्यात फारशी कडकाई नव्हती. त्यांनी ओढ्याकाठच्या उतारांवर वाफे बांधले, बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या, आरारूट काढलं. वेताचं आणि टोपल्यांचं कामही ते करत. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला तरी सुटलेल्यांपैकी काही जण इथेच राहिले आणि भाजीचे मळे करत राहिले. त्यांच्या बागा जिथे होत्या तिथला धबधबा आजही ‘चायनामन फॉल’ म्हणून ओळखला जातो. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी बटाट्याची लागवड त्यांच्याकडे पाहूनच उचलली. १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये महाबळेश्वरी बटाट्याची दखल आहे.

आरारूटाबाबत एक गंमत सांगायला हवी. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर पावसाळ्यात पांढरट-हिरव्या तुऱ्यांचं चवर फुलतं. हळदीच्या कुळातलं हे झाड जगात फक्त याच भागात सापडतं. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्याच्या कंदातून निघणारं पिठूळ सत्त्व आरारूटासारखंच वापरता येतं. वेस्ट इंडिजमधलं आरारूट इथे आणून लावण्याचा खटाटोप चालू असताना त्याची देशी बहीण पायाखाली फुलत होती.

या बागांना पाणी लागे. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर गादीवर आलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधवला. आज लोक तिथे होडीत बसायला जातात. पण उन्हाळ्यात या तलावाखालच्या पट्ट्यातच ओलावा टिके आणि भाजीपाला तिथेच होई. स्ट्रॉबेरीची शेतंही पुढे याच पट्ट्यात दाटीनं आली.

सगळे प्रयोग काही फळले नाहीत. सर्वांत मोठं अपयश सिंकोनाचं. हिवतापावरचं क्विनाइन या दक्षिण अमेरिकी झाडाच्या सालीतून मिळे आणि इंग्रजांना ते आपल्या ताब्यात हवं होतं. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कम यांनी पेरूच्या अँडीज डोंगरांतून रोपं मिळवली. काचेच्या बंद पेट्यांतून रोपं जहाजावर महिनोन् महिने जिवंत ठेवण्याची युक्ती लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनी तोवर शोधली होती. त्या पेट्या नसत्या तर हा खटाटोप सुरूच झाला नसता. नीलगिरीत विल्यम मॅकआयव्हर यांच्या हाताखाली सिंकोना छान वाढला. मार्कम महाबळेश्वरलाही येऊन गेले आणि १८६२ मध्ये निघालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी या डोंगरावर एक प्रकरण लिहिलं. उंची बरी, हवा थंड, पाऊस भरपूर. मग इथे का नको?

मुंबई सरकारनं १८६० च्या दशकात वेण्णेच्या खोऱ्यात, लिंगमळ्याला, सिंकोनाची बाग घातली. दहा-एक वर्षांतच ती गुंडाळावी लागली. कागदावरचा ‘भरपूर पाऊस’ फसवा होता. अँडीजच्या उतारांवर सिंकोनाला वर्षभर थोडं थोडं पाणी मिळतं, धुकं मिळतं, आणि मुळाशी पाणी कधी साचत नाही. नीलगिरीत दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस वाटून पडतो. महाबळेश्वरात मात्र जुलैत मुळं कुजत आणि एप्रिलात जी वाचली ती करपत. सरासरीचा आकडा सारखा दिसला म्हणून हवामान सारखं होत नाही, हे सरकारला रोख पैसे मोजून कळलं. आज लिंगमळ्याचा धबधबा पाहणाऱ्या पर्यटकांना इथे कधीकाळी हिवतापाचं औषध पिकवायचा घाट घातला होता याची कल्पनाही नसते.

उत्तर फार दूर नव्हतं. महाबळेश्वरहून पूर्वेला एकोणीस-वीस किलोमीटर गेलं की पाचगणी. उंचीत फरक थोडा, पावसात मात्र दुपटी-तिपटीचा. पश्चिमेकडून आलेले ढग महाबळेश्वरच्या कड्यांवर मोकळे होतात आणि पाचगणीला पोचेपर्यंत त्यांच्यातलं निम्म्याहून अधिक पाणी संपलेलं असतं. आणखी खाली, पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की पाऊस पाचगणीच्याही निम्म्यावर येतो. पस्तीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर तीन वेगळी हवामानं. परदेशी झाडांचा इथला सगळा इतिहास या उतरंडीवर चढ-उतार करत घडला आहे.

पाचगणीचा हा फायदा प्रथम ओळखला तो जॉन चेसन यांनी. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या माळावर वस्ती वसवायचं काम १८६० च्या दशकात त्यांच्याकडे आलं. त्यांना झाडांचं वेड होतं. पाश्चात्त्य जगातून मिळतील ती बियाणी आणि रोपं मागवून त्यांनी इथे लावून पाहिली. त्यांतली दोन गावाची ओळखच बनली, सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया.

सिल्व्हर ओक नावापुरताच ओक. मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियाचा. पानं नेच्यासारखी चिरलेली, खालून रुपेरी. वारा आला की झाड क्षणात हिरव्याचं चंदेरी होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला नारिंगी-सोनेरी फुलांच्या फण्या लागतात आणि त्यांतल्या मधासाठी पक्ष्यांची झुंबड उडते. दक्षिणेतल्या चहा-कॉफीच्या मळ्यांत हे झाड सावलीसाठी लावलं गेलं. पाचगणीत ते रस्त्याच्या दुतर्फा आणि शाळांच्या आवारांत आलं. ते भराभर वाढतं, मूळ खोल घालतं, आणि निचरा चांगला असेल तर पाचगणीएवढा पाऊस आनंदानं पितं. मुख्य म्हणजे पुढचे कोरडे महिनेही ते सोसतं. १८९० नंतर किमिन्स, सेंट जोसेफ, पुढे बिलिमोरिया, संजीवन अशा शाळा इथे आल्या, पारशी कुटुंबांनी बंगले बांधले, क्षयरोग्यांसाठी डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. प्रत्येक आवाराबरोबर सिल्व्हर ओकची एक रांग वाढली.

पॉइन्सेटिया मेक्सिकोचा. अमेरिकेचे मेक्सिकोतले वकील जोएल पॉइन्सेट यांनी १८२८ च्या सुमारास तो आपल्या देशात नेला, म्हणजे माल्कमपेठ वसत होती त्याच वेळी. त्याची लाल ‘फुलं’ म्हणजे खरं तर रंगलेली पानं असतात आणि रात्र लांबली की ती रंगतात. त्यामुळे ऐन नाताळात पाचगणीची कुंपणं लाल होतात. बर्फाळ देशांत हेच झाड कुंडीत, घराच्या आत, शेगडीच्या उबेला जपावं लागतं. इथे ते माणसाच्या डोक्यावर जातं आणि कुणी पाणीही घालत नाही.

घरच्या बागेत टिकलेल्यांची यादी पाहिली तर त्या प्रत्येकामागे पावसाशी केलेली एखादी तडजोड दिसते. हायड्रेंजियाला पाण्याची हाव असतेच, शिवाय जांभ्याच्या आम्ल मातीत ॲल्युमिनियम मुळांना सहज मिळतं, म्हणून त्याचे झुबके इथे निळे होतात. चुन्याच्या मातीत तेच झाड गुलाबी फुलतं. डेलियाचे कंद इंग्लंडात थंडीपूर्वी उकरून ठेवतात, इथे ते पावसापूर्वी उकरायचे आणि कोरड्या मातीत झाकून ठेवायचे. कृती तीच, शत्रू वेगळा. जिरेनियम, फुशिया आणि बिगोनिया व्हरांड्यात छपराखाली ठेवायचे आणि पागोळ्यांपासून हातभर लांब. दारापुढच्या वाफ्याला कडेनं चर काढायचा. माळ्यांच्या या युक्त्या पुस्तकांत क्वचितच सापडतील, पण महाबळेश्वरात फुलबाग करणाऱ्या कुणालाही त्या ठाऊक असतात.

काही पाहुणे मात्र इतके रमले की हटेनात. घाणेरी, म्हणजे टणटणी, अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोलकात्याच्या उद्यानात ती पोचली आणि पक्ष्यांनी तिच्या बिया देशभर नेल्या. सातारच्या घाटरस्त्यांवर आज ती कारवीच्या जागा बळकावून बसली आहे. इथे पाऊसही हरला. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून झाड तोडण्याला बंधनं आली. पण परदेशी झाडांचं काय करायचं, यावर एकमत नाही. सिल्व्हर ओक काढून जांभूळ, हिरडा, अंजन लावावेत असं म्हणणारे आहेत, आणि दीडशे वर्षं उभ्या असलेल्या रांगेला आता परकं म्हणायचं तरी कसं, असं विचारणारेही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं भावनेचं असलं तरी रस्त्याकडेच्या झाडांपुरतं ते मान्य करायला हरकत नसावी. पठारावरच्या गवताळ सड्यावर मात्र एकही झाड लावू नये, देशी देखील. चवर आणि त्याच्यासारखी पावसाळी फुलं उघड्या सड्यावरच फुलतात.

स्ट्रॉबेरीनं पावसाशी झुंज घेतलीच नाही. तिनं तो चुकवला. बागेतली स्ट्रॉबेरी मुळात संकरातून जन्मलेली. फ्रेंच अधिकारी फ्रेझिए यांनी १७१४ मध्ये चिलीहून पाच रोपं मायदेशी नेली, आणि फ्रान्सच्या बागांत त्यांचा उत्तर अमेरिकी स्ट्रॉबेरीशी संयोग होऊन आजचं मोठं फळ तयार झालं. इंग्रजांनी ते महाबळेश्वरात आणलं, पण बरीच वर्षं ते बंगल्यांच्या बागेपुरतंच होतं. त्याचं पीक झालं ते शेतकऱ्यांनी वेळापत्रक फिरवल्यावर. मदर प्लँट, म्हणजे मातृरोपं, परदेशातून उन्हाळ्यात येतात. त्यांना पावसाळ्यात महाबळेश्वरात ठेवत नाहीत, वाईकडच्या कमी पावसाच्या भागात रोपवाटिका करतात. तिथे त्यांना रनर, म्हणजे नवी रोपं देणारे धुमारे, फुटतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ते वर आणून गादीवाफ्यांवर लावायचे, वर मल्चिंग पेपर, खाली ठिबक. नोव्हेंबर-डिसेंबरपासून फळ सुरू होतं ते एप्रिल-मेपर्यंत. पुढच्या पावसाआधी शेत रिकामं. चेसन यांच्या काळात झाडं डोंगरावर कायमची ठेवायची धडपड होती. स्ट्रॉबेरीवाल्यांनी झाडालाच दरवर्षी घाट चढवला-उतरवला.

वाणही हवा पाहून निवडले गेले. कॅलिफोर्नियाच्या चँडलर आणि कॅमारोसाबरोबर फ्लोरिडाच्या स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या जाती इथे रुळल्या. दिवस लहान झाले की त्या फुलावर येतात, कडाक्याच्या थंडीची वाट पाहत नाहीत. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी याच तालुक्यात आणि आसपास पिकते. १९५९ मध्ये पाचगणीत सुरू झालेल्या मॅप्रोनं सरबत आणि जॅमच्या रूपानं ती बारमाही केली. भिलार गाव तर आधी स्ट्रॉबेरीचं म्हणून ओळखलं गेलं आणि मे २०१७ पासून पुस्तकांचं.

हीच हिकमत दक्षिणेला, कृष्णेच्या खालच्या अंगाला, उलट्या कारणासाठी वापरली गेली. १९४९ मध्ये सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या तालुक्यांत ना थंडी, ना महाबळेश्वरचा पाऊस. द्राक्षवेल मात्र जिथे ती थंडीत पानं गाळून झोपते, अशा देशांतली. ती इथे झोपतच नाही. मग शेतकऱ्यांनी तिची झोप कात्रीनं घडवली. एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी, म्हणजेच गोडी छाटणी. दुसऱ्या छाटणीनंतर डोळे एकसाथ फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावायचं. हे रसायन वेलीला हिवाळा संपल्याचा भास करून देतं. मुळं डॉगरिजची, टेक्ससच्या रानद्राक्षाच्या वंशातली; वरचा वेल थॉमसन सीडलेसचा. तासगाव तालुक्यातल्या बोरगावला याच थॉमसनमधून लांबट मण्यांची निराळी फांदी शेतकऱ्यांच्या नजरेला पडली आणि तिची ‘तास-ए-गणेश’ झाली. ती पुढे महाराष्ट्रातल्या बागांमध्ये पसरली. वाळवलेल्या मण्यांना २०१६ मध्ये ‘सांगलीचे बेदाणे’ म्हणून मानांकन मिळालं. आता ऑक्टोबरात एकाच आठवड्यात भिलारला रनर लावले जातात आणि तासगावला गोडी छाटणी चालू असते. अवकाळी पाऊस आला तर दोन्हीकडे रात्र जागून काढावी लागते.